खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : निचऱ्याची वाट आणि शेवाळाचा हिशेब

गोल्डफिश, गप्पी, एंजल यांसारखे गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्रातील शहरांना नवा नाही. अलीकडच्या काळात मात्र मुंबई-पुण्यातील काही दिवाणखान्यांमधून निळसर प्रकाशात उजळलेली खाऱ्या पाण्याची मत्स्यालयेही दिसू लागली आहेत. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेपलीकडे जे सागरी विश्व मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी कुतूहलाने पाहिले, त्याची छोटेखानी प्रतिकृती आता घरात मांडता येते. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश, निळे डॅमसेल, खडकांच्या कपारीत दडणाऱ्या कोळंब्या यांचे आकर्षण वाटणे साहजिकच आहे.

तथापि, हौसेने उभारलेल्या या टाक्यांपैकी अनेकांची अखेर दोन कारणांनी होते. एके दिवशी टाकी भरून वाहते, दिवाणखान्यात खारे पाणी पसरते, क्वचित खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतालाही ओल धरते आणि घरातील मंडळी या छंदाला कायमचा रामराम ठोकतात. किंवा काही महिन्यांत खडक, वाळू आणि काचा हिरव्या-तपकिरी शेवाळाने झाकल्या जातात, मासे एकामागून एक दगावतात आणि टाकी रिकामी होते. पहिली अडचण प्लंबिंगची आणि दुसरी जीवशास्त्राची, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ एकच आहे. टाकीत जे जे येते, ते सर्व बाहेर जाण्याची वाट मोकळी नसणे, हे ते मूळ होय. पाणी बाहेर जाण्याची वाट अडली की पूर येतो, अन्नाचे अवशेष बाहेर जाण्याची वाट अडली की शेवाळ माजते.

येथे केवळ हौसेचा आणि खर्चाचा प्रश्न नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. गोड्या पाण्यातील बहुतेक शोभिवंत मासे संवर्धन केंद्रांत पैदा केलेले असतात, तर बाजारात विकले जाणारे बहुसंख्य सागरी मासे प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. योग्य निगा राखल्यास क्लाउनफिश वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकतो. तो सहा महिन्यांत दगावला, तर त्या हानीची भरपाई पुन्हा समुद्रातूनच होत असते.

पाणी बाहेर पडते कसे?

खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीची रचना दुमजली असते. वर काचेची मुख्य टाकी आणि तिच्याखाली कपाटात ठेवलेली दुसरी लहान टाकी, म्हणजेच सम्प. मुख्य टाकीच्या मागच्या बाजूस वा कोपऱ्यात एक उभा कप्पा केलेला असतो. त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचले की या दात्यांतून ते कप्प्यात सांडते. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. कप्प्यातील नळीवाटे ते पाणी सम्पमध्ये उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाद्वारे पुन्हा वरच्या टाकीत पाठवले जाते.

ओव्हरफ्लोचे काम पाण्याची पातळी राखण्यापुरते मर्यादित नाही. पाण्यातील तेलकट आणि प्रथिनयुक्त द्रव्यांचा पृष्ठभागावर जमण्याकडे कल असतो. समुद्रकाठी लाटांवर दिसणारा फेस हा अशाच द्रव्यांमुळे टिकून राहतो. ओव्हरफ्लो नेमका हाच वरचा थर सतत खरवडून खाली पाठवतो. सम्पमध्ये बसवलेला प्रोटीन स्किमर अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या साह्याने त्याच द्रव्यांचा फेस करून ती वेगळ्या भांड्यात गोळा करतो. पृष्ठभागावरील साय दूर झाल्यामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळणेही सुलभ होते. थोडक्यात, ओव्हरफ्लो हे संपूर्ण शुद्धीकरण यंत्रणेचे तोंड आहे. ते अर्धवट मिटले तर स्किमर कितीही महागडा असला तरी त्याच्यापर्यंत घाण पोहोचतच नाही.

सायफनचे शास्त्र

निचरा नळीतून येणारा गुडगुड आवाज ही या छंदातील नित्याची कटकट. तिचे कारण समजून घेण्यासाठी जुन्या घरांतील वसुदेव-कृष्णाचा पितळी पेला आठवावा. त्यात पाणी ओतत गेल्यास ते कृष्णाच्या पायांना लागेपर्यंत काहीच घडत नाही. पाय भिजताच मात्र पेल्यातील पाणी तळाच्या छिद्रातून झरझर निघून जाते. मूर्तीत दडवलेल्या वळणदार नळीत पाणी पूर्ण भरते, सायफन सुरू होतो आणि हवा शिरेपर्यंत तो थांबत नाही, एवढेच त्यामागचे रहस्य.

ओव्हरफ्लोच्या कप्प्यातही हेच घडत असते. नळी पूर्ण पाण्याने भरली की सायफन कप्पा वेगाने रिकामा करतो. पातळी खाली गेली की नळीत हवा शिरते, मोठा आवाज होऊन सायफन तुटतो आणि कप्पा पुन्हा भरू लागतो. हे चक्र दिवसभर चालू राहते. यावर ‘ड्युर्सो’ या नावाने ओळखली जाणारी नळी हा सोपा उपाय आहे. उभ्या नळीच्या माथ्यावर टी जोडून पाणी बाजूने, पृष्ठभागाच्या खालून आत घेतले जाते आणि वरच्या टोपणाला बारीक छिद्र ठेवून हवेला कायमची वाट दिली जाते. आवाज कमी होतो. परंतु नळीत पाणी आणि हवा एकत्र वाहत असल्याने तिची निचऱ्याची क्षमता त्याच जाडीच्या पूर्ण भरलेल्या नळीपेक्षा पुष्कळ कमी असते. शिवाय नळी एकच असल्याने ती तुंबल्यास दुसरा मार्ग उरत नाही.

म्हणूनच अनुभवी मत्स्यपालक आता दोन किंवा तीन नळ्यांची रचना पसंत करतात. दोन नळ्यांच्या ‘हर्बी’ पद्धतीत एक नळी पूर्ण सायफनवर चालते. तिच्यावरील गेट व्हॉल्व्ह किंचित आवळून कप्प्यातील पातळी स्थिर ठेवली जाते. दुसरी नळी तिच्याहून उंच आणि एरवी कोरडी किंवा जेमतेम ओली असते. पहिली तुंबली तर पाणी दुसरीतून जाते. ‘बीनॲनिमल’ या तीन नळ्यांच्या पद्धतीत पहिली नळी सायफनवर चालते, दुसरीतून पाण्याची बारीक धार वाहते आणि तिसरी संकटकाळासाठी राखीव असते. या दुसऱ्या नळीला एक लहान हवेची नळी जोडलेली असते. पातळी अवाजवी वाढली की हवेच्या नळीचे तोंड पाण्याखाली जाते, हवा बंद होते आणि दुसरी नळीही आपोआप सायफन होऊन अधिक पाणी वाहून नेते.

राखीव नळीला व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. संकटकाळची वाट कुणी चुकूनही बंद करू शकणार नाही, अशीच असली पाहिजे. तसेच त्या नळीतून एरवीच्या दिवशी पाणी पडण्याचा आवाज आला, तर त्याचा अर्थ मुख्य नळी तुंबू लागली आहे, असाच घ्यावा.

तळाला वा मागच्या काचेला छिद्र नसलेल्या तयार टाक्यांना काठावर लटकवण्याचे ओव्हरफ्लोही मिळतात. काठावरून उलट्या यू आकाराच्या नळीने पाणी बाहेर आणणारी ही सोय स्वस्त असली तरी धोक्याची आहे. नळीच्या माथ्यावर हळूहळू हवा साचते आणि सायफन तुटतो. पंप मात्र सम्पमधील पाणी वर पाठवतच राहतो. शक्य असेल तेथे टाकी बनवतानाच काचेला छिद्र पाडून घेणे श्रेयस्कर. अर्थात टफन्ड काचेला छिद्र पाडता येत नाही, तसे करू गेल्यास ती क्षणात चुरा होते. त्यामुळे काचेचा प्रकार आधी खात्रीने विचारून घ्यावा.

वीज गेल्यावरची दोन गणिते

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई आणि महानगर परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला होता. तो पूर्ववत होण्यास काही भागांत कित्येक तास लागले. इतका मोठा बिघाड विरळा असला, तरी पावसाळ्यात तासाभराचा खोळंबा कुणालाच अपरिचित नाही. अशा वेळी टाकीचे काय होईल, याचे गणित आधीच मांडून ठेवता येते.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीचे आकारमान सुमारे २५५ लिटर भरते. तिच्या पृष्ठभागाचा विचार केला, तर पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने बदलली म्हणजे साधारण साडेपाच लिटर पाण्याचा फरक पडतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचे सर्व सोपे होते.

पहिले गणित पंप बंद पडण्याचे. पंप थांबला की पाणी वर नेणारी नळी उलट दिशेने सायफनचे काम करू लागते आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतील पाणी सम्पमध्ये उतरत राहते. हे तोंड पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे २८ लिटर पाणी खाली येईल. कप्प्यातील आणि नळ्यांतील पाणी वेगळेच. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी नसेल, तर पाणी कपाटातून थेट फरशीवर येणार हे उघड आहे. तेच तोंड दीड सेंटिमीटरवर आणले, तर खाली येणारे पाणी आठ-नऊ लिटरवर येते. नळीला पृष्ठभागाच्या लगत एक लहान छिद्र पाडून ठेवणे हाही उपाय आहे. पातळी छिद्रापर्यंत उतरताच हवा आत शिरते आणि सायफन तुटतो.

दुसरे गणित याच्या उलट, म्हणजे वीज चालू असताना निचरा तुंबण्याचे. सम्पमधील पंपाच्या कप्प्यात २० लिटर पाणी असेल आणि पंप प्रत्यक्षात ताशी दोन हजार लिटर पाणी वर नेत असेल, तर तो कप्पा अवघ्या ३६ सेकंदांत रिकामा होईल. ते २० लिटर वरच्या टाकीत गेल्यास तेथील पातळी सुमारे साडेतीन सेंटिमीटरने वाढेल. टाकीच्या काठाखाली किमान चार सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर पाणी सांडणार नाही, फार तर पंप कोरडा पडेल. तेवढी जागा नसेल, तर पंपाचा कप्पा लहान करावा.

बाष्पीभवन भरून काढण्यासाठी गोडे पाणी आपोआप सोडणारी यंत्रणा असल्यास अधिक सावध राहावे. निचरा तुंबून सम्पमधील पातळी उतरली, तर हे यंत्र बाष्पीभवन झाले असे समजून गोडे पाणी सोडत राहते. त्यामुळे पूर तर वाढतोच, शिवाय टाकीतील क्षारताही घसरते. या यंत्रणेचे साठवण भांडे लहान ठेवणे हाच त्यावरचा साधा इलाज.

ही दोन्ही गणिते कागदावर सुटली तरी पुरेसे नाही. टाकी कार्यान्वित करण्यापूर्वी आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, घरात कुणी जागे असताना पंपाचा प्लग काढून सम्प भरून वाहतो का, हे पाहावे. त्यानंतर मुख्य निचरा नळीचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करून राखीव नळी सर्व पाणी पेलते का, हेही तपासावे. कुणी घरी नसताना नशिबाने घेतलेल्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा केव्हाही बरी.

शेवाळ का माजते?

शेवाळ हे मुळात शत्रू नव्हे. प्रत्येक जिवंत टाकीत ते असतेच. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी धुरळ्यासारखा थर चढतो. हे डायटम सिलिकेटवर वाढतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. पाठोपाठ काचेवर हिरवी झिलई येते. खडकांवर गुलाबी-जांभळे कठीण कवच धरणारे कोरलाइन शेवाळ तर टाकी स्थिरावत असल्याचे लक्षण मानले जाते. मात्र केसांसारखे लांब हिरवे तंतू, हिरव्या मण्यांसारखे व्हॅलोनिया किंवा वाळूवर पसरणारी तांबडी बुळबुळीत साय दिसू लागली, की हिशेबात गडबड आहे असे समजावे. ही तांबडी साय म्हणजे वस्तुतः शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. जेथे पाण्याचा प्रवाह मंद आणि गाळ अधिक, तेथे त्यांचे फावते.

शेवाळाला प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट लागते. यातील शेवटची दोन द्रव्ये प्रामुख्याने माशांच्या अन्नातून येतात. त्याचा हिशेब साध्या रसायनशास्त्राने करता येतो. ४५ टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम कोरड्या अन्नात सुमारे ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. जिवाणूंच्या क्रियेने त्याचे आधी अमोनिया, मग नायट्राइट आणि अखेर नायट्रेट बनते. तो सगळाच नायट्रेटमध्ये रूपांतरित झाला, असे धरले तर सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होईल. टाकी आणि सम्प मिळून २५० लिटर पाणी असेल, तर लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम. रोज एक ग्रॅम अन्न टाकल्यास आठवड्याला ही वाढ लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या घरात जाते.

आता खर्चाची बाजू पाहू. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु दहा टक्के पाणी बदलल्याने नायट्रेटही दहा टक्केच कमी होते. केवळ पाणी बदलण्यावर भिस्त ठेवली, तर आठवड्याची नऊची जमा आणि तितकाच खर्च यांचा मेळ नायट्रेट नव्वदच्या घरात गेल्यावरच बसेल. प्रत्यक्षात काही नायट्रोजन माशांच्या वाढीत जातो, काही खडकांच्या आतील जिवाणू वायुरूपात बाहेर टाकतात, म्हणून आकडा इतका चढत नाही. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. अन्न कुजण्यापूर्वीच त्याचे अवशेष बाहेर काढणारी यंत्रणा, म्हणजे ओव्हरफ्लो आणि स्किमर, सुरळीत चालणे अनिवार्य आहे.

शेवाळावर तुटून पडण्याआधी पाण्याची चाचणी करावी. मात्र चाचणीचे निकाल वाचतानाही तारतम्य हवे. टाकीत शेवाळाचे रान माजलेले असताना नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य आल्यास पाणी शुद्ध आहे असे होत नाही. ती द्रव्ये शेवाळाने शोषून घेतलेली असतात. दुसरीकडे, ही द्रव्ये अट्टहासाने शून्यावर आणणेही घातक ठरते. अशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, बुडबुडे धरणारे चिकट सूक्ष्मजीव बळावू शकतात आणि त्यांचा बंदोबस्त शेवाळाहून कठीण असतो. नायट्रेट लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम यांदरम्यान राखणे बहुतेक टाक्यांना मानवते.

पाणी कोणते, प्रकाश किती?

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतोच, शिवाय सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेटही असू शकतात. म्हणून समुद्री मीठ मिसळण्यासाठी आणि बाष्पीभवनाची भर घालण्यासाठी आरओ-डीआय प्रक्रियेतून काढलेलेच पाणी वापरावे. स्वयंपाकघरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी चालेल, असा अनेकांचा समज असतो. परंतु पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून यांपैकी अनेक यंत्रे थोडे मूळ पाणी वा क्षार पुन्हा मिसळतात. टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणी हेच खरे. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोहही टाळलेला बरा. किनाऱ्यालगत सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात क्षारताही घटते.

प्रकाश रोज आठ-नऊ तासांपेक्षा अधिक असू नये आणि तो टायमरवर ठेवावा. टाकी खिडकीच्या थेट उन्हात मांडू नये. खडकांमागे आणि कोपऱ्यांत गाळ साचू नये इतका प्रवाह टाकीत खेळता असावा. अन्न मोजून, काही मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. गोठवलेले अन्न आधी वितळवून त्यावरचे पाणी ओतून द्यावे.

याखेरीज नैसर्गिक मदतनीसही आहेत. टर्बो आणि ट्रोकस जातीच्या समुद्री गोगलगाई काच व खडक चरून काढतात. ट्रोकस उलटी पडल्यास स्वतः सरळ होऊ शकते, हा तिचा विशेष गुण. शेवाळ खाणारे टँग मासे उपयुक्त असले, तरी त्यांना पोहायला ऐसपैस जागा लागते. चार फुटी टाकीत त्यांना कोंडणे योग्य नव्हे. दुसरा उपाय म्हणजे शेवाळानेच शेवाळाला शह देणे. सम्पमधील एका कप्प्यात किटोमॉर्फा हे तारेच्या जाळीसारखे शेवाळ वाढवून त्यावर रात्रीच्या वेळी दिवा लावतात. ते पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेते. त्याची वाढलेली जुडी दर काही आठवड्यांनी काढून टाकली, की तेवढी द्रव्ये टाकीबाहेर जातात. काढून टाकणे महत्त्वाचे, अन्यथा हिशेब होता तिथेच राहतो.

खडकांवरचे लांब तंतू हाताने उपटावेत आणि तुटलेले तुकडे लगेच नळीने ओढून बाहेर काढावेत. व्हॅलोनियाचे मणी टाकीत फोडू नयेत. शक्यतो खडक बाहेर काढून ते मुळासकट खरवडावेत. सायनोबॅक्टेरियावर प्रतिजैविके टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो टाळावा. टाकी ज्यांच्या जिवावर चालते, त्या उपयुक्त जिवाणूंनाही त्यांची झळ पोहोचू शकते आणि मूळ कारण शिल्लक राहिल्याने साय पुन्हा परतते.

दोन्ही प्रश्नांची गाठ

निचरा आणि शेवाळ हे प्रश्न कसे एकमेकांत गुंतलेले आहेत, ते ओव्हरफ्लोच्या दात्यांपाशी दिसते. तेथे प्रकाश, वाहते पाणी आणि अन्नद्रव्ये तिन्ही मुबलक असतात. साहजिकच शेवाळाचे तंतू सर्वांत आधी तेथे रुजतात. दाते अरुंद झाले की वरच्या टाकीची पातळी हळूहळू चढते. चार सेंटिमीटरची राखलेली मोकळी जागा अशी नकळत दोनवर येते. पृष्ठभागाचा थर पूर्वीसारखा खरवडला जात नाही, स्किमरला कमी घाण मिळते, अन्नद्रव्ये वाढतात आणि शेवाळ आणखी जोमाने फोफावते. उपटलेले तंतू वाहत जाऊन नळीच्या तोंडावरील जाळीत अडकतात. त्यांच्या मागावर गोगलगाई कप्प्यात शिरतात आणि एखादी नेमकी नळीतच अडकून बसते.

सायफन तोडण्यासाठी ठेवलेल्या त्या लहानशा छिद्राचेही तसेच. कोरलाइन शेवाळाने ते कधी बुजले, हे वीज जाईपर्यंत कळत नाही. पाणी उलटे येऊ नये म्हणून बसवलेल्या एकतर्फी झडपेवर पूर्ण विसंबणेही चूक ठरते. क्षारांचे खडे, शेवाळ किंवा चिमुकली गोगलगाय तिच्या तोंडात अडकली की ती पूर्ण मिटत नाही. म्हणूनच सम्पमध्ये मोकळी जागा राखणे, हाच एकमेव भरवशाचा उपाय.

देखभालीचे वेळापत्रक

दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने ओव्हरफ्लोचे दाते घासावेत, सायफन तोडणारे छिद्र टाचणीने मोकळे करावे, स्किमरचे भांडे धुवावे आणि दहा टक्के पाणी बदलावे. काच घासण्यापूर्वी निचऱ्याच्या जाळीकडे लक्ष असू द्यावे, कारण सुटलेले शेवाळ तेथेच जाणार असते.

दर महिन्याला ओव्हरफ्लोच्या कप्प्यात डोकावून तळाचा गाळ नळीने ओढून काढावा, भटकलेल्या गोगलगाई परत टाकीत सोडाव्यात आणि गेट व्हॉल्व्ह किंचित फिरवून पुन्हा पूर्वीच्या जागी आणावा. अनेक महिने न हललेला व्हॉल्व्ह क्षारांनी जाम होतो.

दर तीन-चार महिन्यांनी निचरा नळ्या आणि पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरच्या वा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवावेत. चुनखडीचे कवच विरघळते. नंतर ते स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा बसवावेत. यासाठी कप्प्यातील उभी नळी चिकटवून टाकू नये, ती नुसती घट्ट दाबून बसवलेली असावी. बाहेरच्या बाजूस युनियन जोड वापरल्यास नळ कापावे लागत नाहीत. साबण किंवा तांब्याचे जोड यांचा संबंध टाकीच्या पाण्याशी येऊ देऊ नये. तांबे कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना अल्प प्रमाणातही मारक ठरते.

सुरक्षिततेचे आणखी काही मुद्दे

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते. त्यामुळे टाकीच्या सर्व उपकरणांना ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी संरक्षण असावे. प्लगचे सॉकेट सम्पच्या वर, बाजूच्या भिंतीवर घ्यावे आणि प्रत्येक वायरला सॉकेटखाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

वीज दीर्घकाळ गेल्यास माशांना पहिला धोका असतो तो प्राणवायूच्या अभावाचा. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावर सर्वप्रथम प्रवाह निर्माण करणारा कमी वॅटचा पंप चालवावा. दिवे आणि स्किमर नंतर. इन्व्हर्टर नसेल, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. वीज नसताना माशांना अन्न देऊ नये.

टाकी सजवताना कायद्याचेही भान हवे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय समुद्रातील प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. त्यामुळे विक्रेता ‘लाइव्ह रॉक’ किंवा प्रवाळाचा तुकडा पुढे करत असेल, तर तो कोठून आला, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य ठरते. कोरडे कृत्रिम खडक वापरूनही काही महिन्यांत जिवाणूंची वसाहत उभी राहते. तसेच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या संवर्धनाचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी संवर्धित मासे मागितले, तर ते टाकीतील जीवनाला लवकर सरावतात आणि प्रवाळखडकांवरचा भारही हलका होतो.

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ही एकदा मांडून विसरून जाण्याची शोभेची वस्तू नव्हे. समुद्रात भरती-ओहोटी, वारा आणि अथांग पाणी जे काम करतात, ते येथे एक पंप, दोन-तीन नळ्या आणि पाळणाऱ्याची नियमितता यांना करावे लागते. आठवड्यातून अर्धा-पाऊण तास देण्याची तयारी असेल, तरच टाकीच्या खरेदीचा विचार करावा. आणि खरेदीच्या वेळी माशांच्या रंगांआधी एक प्रश्न अवश्य विचारावा, पाणी बाहेर जाण्याची दुसरी वाट कोणती? त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत टाकीत पाणी भरू नये.